मॉरिस मायनरच्या कामाच्या नोंदी: पाना नटावर बसला पाहिजे

९ नोव्हेंबर

गाडी गॅरेजात आली. मॉरिस मायनर १०००, १९६५ सालची, १०९८ सीसीचं ए-सिरीज इंजिन. अकरा वर्षं एका जागी उभी होती. ब्रेक नव्याने करायचे, सिलिंडर हेड उतरवायचं आणि कार्ब्युरेटर खोलायचा, एवढं काम ठरवलं आहे. पण या नोंदींत गाडीपेक्षा पान्यांचीच गोष्ट जास्त येणार, कारण पहिल्याच संध्याकाळी पान्याने दगा दिला.

हाताशी होता तो मिलिमीटरचा सॉकेट संच, नव्या गाडीवर दहा वर्षं वापरलेला. एक्झॉस्टच्या ब्रॅकेटच्या नटावर १३ चा सॉकेट गेला. किंचित सैल वाटला, पण गेला म्हणून मी जोर लावला. सॉकेट खडकन फिरला, नट जागचा हलला नाही. दिव्याखाली पाहिलं तर सहापैकी चार कोपरे घासून चकचकीत झाले होते आणि सॉकेटच्या आत लोखंडाचा बारीक कीस पडला होता. नंतर पक्कड लावून उरलेले दोन कोपरेही घालवले. साडेतीन तास गेले आणि नट तिथेच राहिला.

१० नोव्हेंबर

सकाळी व्हर्नियर (जाडी बारकाईने मोजायचं माप) काढला. तसाच दुसरा नट मोजला तर १२.७ मिमी, म्हणजे बरोबर अर्धा इंच. १३ च्या सॉकेटला त्यावर ०.३ मिमी मोकळीक मिळते. ऐकायला किरकोळ वाटते, पण माझा सॉकेट बारा टोकांचा होता. तो नटाला कोपऱ्याच्या अगदी कडेला धरतो, त्यामुळे एवढी मोकळीक त्याला पुरते.

दिवसभर एकही नट न खोलता फक्त मोजत बसलो. आधी तारेच्या ब्रशने रंग आणि गंज काढायचा, मग मोजायचं. तसं केलं नाही तर रंगाचाच थर अर्धा मिलिमीटर भरतो. वरून आणि खालून दिसणारी नट-बोल्टांची ८४ डोकी मोजली. ७/१६ इंचाची ३१, १/२ ची २६, ९/१६ ची ११. म्हणजे ८४ पैकी ६८ या तीन मापांत आली. सुताच्या भाषेत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) साडेतीन, चार आणि साडेचार सूत. उरलेल्या सोळांत ५/८, ३/४, विजेच्या सामानाचे बारके नट आणि मागच्या मालकाने घुसवलेले मिलिमीटर मापाचे चार बोल्ट.

असं का, तेही इथेच लिहून ठेवतो. या गाडीचे बहुतेक बोल्ट यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे आहेत. १/४ च्या बोल्टाचं डोकं ७/१६, ५/१६ च्या बोल्टाचं १/२, आणि ३/८ च्या बोल्टाचं ९/१६. पान्यावरचा आकडा डोक्याच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर सांगतो, बोल्टाची जाडी सांगत नाही.

मिलिमीटरच्या संचातलं काही चालतं का, तेही पाहिलं. ३/४ म्हणजे १९.०५, तिथे १९ चा सॉकेट नीट बसतो. ५/१६ म्हणजे ७.९४, तिथे ८ चा चालतो. ७/१६ म्हणजे ११.११, तिथे ११ चा चढतच नाही आणि १२ चा नट घासतो. ९/१६ म्हणजे १४.२९, तिथे १४ चढत नाही आणि १५ ला हात लावू नका. नेमकी जी तीन मापं रोज लागणार, त्या तिन्हींत मिलिमीटरचा पाना निकामी.

१६ नोव्हेंबर

मोठी पेटी घेतली. शंभराहून जास्त नग, इंची आणि मिलिमीटर दोन्ही. हा निर्णय चुकला. कारणं सविस्तर लिहितो, कारण याच पेटीचा मोह प्रत्येकाला होतो.

पहिलं, १/२ च्या फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्याचा जबडा मोजला तर १२.९५ निघाला. म्हणजे १३ च्या सॉकेटची तक्रार घेऊन मी जवळपास तसाच पाना विकत आणला होता.

दुसरं, सॉकेटचं तोंड आतून इतकं उतरतं केलेलं की पहिले दोन मिलिमीटर नटाला काही धरतच नाहीत. नट चटकन सापडावा म्हणून हा उतार ठेवतात. जाड नटावर फरक पडत नाही. पण जुन्या गाडीत पातळ लॉकनट जागोजागी असतात, आणि चार मिलिमीटरच्या नटातले दोन मिलिमीटर असे गेले तर पकडायला उरतं काय?

तिसरं, रॅचेटला २४ दात. एक दात पुढे जायला हँडल १५ अंश फिरवावं लागतं. डायनॅमोच्या मागे माझा हात जेमतेम १० अंश हलतो. तिथे तो रॅचेट नुसता मागेपुढे होत राहिला, नटाने एकही दात घेतला नाही.

चौथं, ६८ नटांना लागणारे माझे पाने तीन मापांचे, आणि पेटीत प्रत्येक मापाचा एकच पाना. नट आणि बोल्ट दोन्ही एकाच मापाचे असतात. एक धरायला, एक फिरवायला, म्हणजे तीच मापं दोन-दोन हवीत.

२२ नोव्हेंबर

पेटी परत केली. दोन तृतीयांश पैसे मिळाले.

आता पेटी नाही, सुटे नग घेतले. ३/८ ड्राइव्हचे (म्हणजे रॅचेटचा चौकोन ३/८ इंचाचा) सहा टोकांचे सॉकेट: ३/८, ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४. त्यातले ७/१६ आणि १/२ चे लांब सॉकेटही, कारण स्टडचं (डोकं नसलेल्या, दोन्हीकडे आटे असलेल्या दांड्याचं) टोक आखूड सॉकेटच्या तळाला टेकतं आणि सॉकेट नटापर्यंत पोचत नाही. ७२ दातांचा रॅचेट, जो ५ अंशांत पुढे जातो. रिंग आणि फिक्स अशी दोन्ही टोकं असलेले पाने ७/१६, १/२ आणि ९/१६ चे दोन-दोन. आणि जाम नट सोडवायला लांब दांडा, ज्यात रॅचेट नाही. रॅचेटवर पाइप चढवून जोर केला तर आतली कुत्री (दातांत अडकणारे खटके) तुटतात. हा दांडा त्यासाठीच.

एवढ्या मोजक्या नगांना परत केलेल्या पेटीपेक्षा दीडपट पैसे पडले. पण दुकानात व्हर्नियर घेऊन गेलो होतो आणि १/२ चे जबडे १२.७५ ते १२.८० भरले तेच घेतले. पॉलिश किती चकाकतं ते पाहिलं नाही. रिंगची भिंत किती पातळ आहे ते पाहिलं, कारण जाड भिंतीचा पाना अरुंद जागेत शिरत नाही.

७/१६ चा एक सॉकेट आणि १/२ चा एक सॉकेट ग्राइंडरवर तोंडाकडून सपाट करून घेतला, उतार पूर्ण जाईपर्यंत. घासताना पाण्यात बुडवत राहायचं, धातू निळा पडला तर त्याचं पाणी उतरलं असं समजायचं. पातळ नटांना आता हेच दोन सॉकेट लावतो.

२८ नोव्हेंबर

स्वस्त मिळाले म्हणून जुन्या इंग्रजी रिंग पान्यांचा संच घेतला आणि फसलो. पोलाद उत्तम, भिंती पातळ, हातात धरल्यावर सोडवत नाही असे. वर १/४, ५/१६, ३/८, १/२ असे आकडे. मला वाटलं इंचच आहेत. घरी आल्यावर १/२ चा पाना नटावर ठेवला तर नट त्यात घरंगळला. पान्याचं तोंड ०.९२० इंच, म्हणजे २३ मिमीच्याही वर.

आकड्याशेजारी बारीक अक्षरांत डब्ल्यू कोरलेला होता, तो मी वाचला नाही. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेली ही पद्धत, आट्यांचा कोन ५५ अंश. यात पान्यावर बोल्टाच्या जाडीचा आकडा असतो, डोक्याचा नाही. दुसरीकडे यूएनएफच्या आट्यांचा कोन ६० अंश, आणि ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ही मापं १९४८ मध्ये एकमताने ठरवली. माझी गाडी त्यानंतरची, त्यामुळे व्हिटवर्थचे पाने माझ्या ६८ नटांपैकी एकालाही लागत नाहीत.

संच एका मित्राला दिला, त्याच्याकडे एमजी टीसी ही जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी आहे. त्या गाडीच्या इंजिनाची तर आणखीच वेगळी तऱ्हा: डोकी व्हिटवर्थची आणि आटे मेट्रिक. म्हणून एक सांगतो. पाना घेण्याआधी डोकं मोजा, आणि बोल्ट घेण्याआधी आटे मोजा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३ डिसेंबर

बोल्टाआधी आटे मोजा, हे मीच पाळलं नाही. मागच्या मालकाने घुसवलेल्या चार बोल्टांपैकी एक मडगार्डच्या पत्र्यात होता. काढून पाहिला तर एम८ (८ मिमी जाडीचा मेट्रिक बोल्ट), आटे १.२५ मिमीचे. मूळ बोल्ट ५/१६ यूएनएफ, म्हणजे इंचाला २४ आटे, दोन आट्यांत १.०६ मिमी. जाडी जवळपास सारखी (८ आणि ७.९४), त्यामुळे एम८ हाताने दोन वळसे आत जातो आणि मग अडतो. कोणीतरी पुढे पान्याने दाबून आतले आटे कापले होते.

आत नेमके कोणते आटे उरलेत ते मी तपासलं नाही. थेट टॅप (आटे पाडायचं हत्यार) घेऊन फिरवला आणि जे थोडे मूळ आटे शिल्लक होते तेही वाकडे केले. आत वेल्ड केलेला नट कापून नवा बसवावा लागला. एक पूर्ण दिवस.

आटे मोजायचं गेज म्हणजे दात असलेल्या पातळ पात्यांचा पंखा. सगळ्या हत्यारांत सर्वात स्वस्त. ते आता खिशातच असतं.

७ डिसेंबर

ब्रेक ड्रम. ड्रम धरून ठेवणारे बसक्या डोक्याचे स्क्रू गंजून ड्रमशी एकजीव झाले होते. पहिल्या स्क्रूची खाच साध्या स्क्रूड्रायव्हरने खराब केली. पातं पाचरीसारखं निमुळतं होतं, त्यामुळे ते खाचेच्या वरच्या कडेलाच टेकत होतं आणि जोर दिला की वर उचललं जात होतं.

दुसऱ्या स्क्रूला पातं कानशीने घासून दोन्ही बाजू समांतर केल्या, रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी ठेवली आणि जाडी खाचेत घट्ट बसेल इतकी. मग ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला, तेच माप असलेलं बिट लावलं, आणि सैल करायच्या दिशेने हात ताणून धरत वर एक किलोची हातोडी मारली. चौथ्या ठोक्याला "टक्" झालं आणि स्क्रू पाव वळसा सुटला. ठोक्याने गंजाची पकड मोडते आणि त्याच क्षणी बिट फिरतं. उरलेल्या स्क्रूंना मिळून पाऊण तास लागला, एकाही खाचेला ओरखडा नाही.

फुलीच्या स्क्रूंबद्दलही इथेच. फुली दोन प्रकारची असते, फिलिप्स आणि पोझिड्राइव्ह. पोझिड्राइव्हच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध, तिरप्या दिशेने चार बारीक रेघा असतात. फिलिप्सचं बिट त्यात जातं पण बसत नाही, आणि जरा जोर केला की वर येतं. दाराच्या पट्ट्यांचे स्क्रू पोझिड्राइव्ह निघाले. दोन्ही प्रकारांचे २ नंबरचे चांगले ड्रायव्हर घ्या आणि मुठीवर रंगाचा ठिपका लावून ठेवा.

११ डिसेंबर

ब्रेकच्या नळ्यांचे नट ७/१६ चे, मऊ आणि बुटके. साधा फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो, इथे तो चालत नाही. नळीवरून सरकवता यावी म्हणून एका बाजूला खाच कापलेली रिंग मिळते, ती घेतली. सहापैकी चार नट सुटले. दोन नटांबरोबर नळीच पिळवटली. त्या नळ्या तशाही बदलायच्या होत्या, म्हणून नळी कापली आणि नटावर सरळ सहा टोकांचा सॉकेट घातला. कापायचा धीर पहिल्या तासात केला असता तर संध्याकाळ वाचली असती.

२० डिसेंबर

हेड उतरवायचा दिवस, आणि या कामातला सर्वात वाईट. हेडचे नऊ नट ९/१६ चे. सहा टोकांचा सॉकेट, लांब दांडा, नऊच्या नऊ तक्रार न करता सुटले. अडचण त्याआधी मॅनिफोल्डने (हेडला जोडलेल्या धुराच्या-हवेच्या नळ्यांच्या ओतीव भागाने) केली. ५/१६ चा एक स्टड नटासकट मोडला, हेडच्या पृष्ठभागाशी सपाट.

पुढे जे केलं ते करू नका. स्टडमध्ये भोक पाडलं, उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर आत घातला आणि टॅपच्या हँडलने फिरवला. हँडल पिळत गेलं, हाताला स्प्रिंगसारखं वाटलं. थांबायला हवं होतं. मी अजून पाव वळसा दिला आणि एक्स्ट्रॅक्टर आत तुटला. तो कडक पोलादाचा असतो, साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

हेड मशीन शॉपमध्ये न्यावं लागलं. तिथे स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, तो तुकडा खाऊन काढला. नऊ दिवस गेले, आणि बिल माझ्या सगळ्या पान्यांच्या खर्चापेक्षा जास्त झालं. लेथवरच्या वडीलधाऱ्या कारागिरांनी हेड परत देताना विचारलं, "तापवलं होतंत का?" मी नाही म्हणालो. "मग तेल किती वेळ ठेवलंत?" अर्धा तास, म्हणालो. ते म्हणाले, "अकरा वर्षांचा गंज अर्ध्या तासात भिजत नाही हो."

त्यांनी सांगितलं तसं पुढच्या बाजूच्या दोन जाम स्टडवर केलं. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल. मग स्टडच्या भोवतीचं ओतीव लोखंड ब्लोटॉर्चने तापवलं (हेड बाहेर टेबलावर होतं, जवळ पेट्रोल नव्हतं, तेलही पुसून घेतलं होतं). मग स्टडवर दोन नट एकमेकांना घट्ट आवळले आणि बाहेरच्या नटावर पाना लावून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग आतल्या नटावर लावून सैल. घट्ट, सैल, घट्ट, सैल. पाचव्या फेरीला पहिला कुरकुरला आणि निघाला. दुसऱ्याला वीस मिनिटं लागली.

४ जानेवारी

विजेचं सामान. रेग्युलेटर आणि डिस्ट्रिब्युटरवरचे बारके नट बीए या छोट्या नट-बोल्टांच्या ब्रिटिश मापाचे आहेत. २ बीएचं डोकं ८.२३ मिमी. ८ चा पाना चढत नाही, ९ चा घासतो. बीएचे ० ते ८ असे छोटे पाने घेतले, स्वस्तात मिळाले.

ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. बॅटरी सोडताना चिन्ह न पाहता बॉडीला जोडलेली वायर आधी काढायची. पाना चुकून पत्र्याला लागला तरी मग ठिणगी पडत नाही.

१३ जानेवारी

हेड परत बसवण्याआधी टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच नट आवळायचा पाना) तपासला. उसना आणलेला, अर्ध्या इंची ड्राइव्हचा, क्लिक करणारा. ज्याच्याकडून आणला त्याने तो बरीच वर्षं वरच्या आकड्यावर ताणून ठेवला होता आणि जाम नट सोडायलाही वापरला होता. दोन्ही गोष्टी रेंचला मारक आहेत.

तपासणी घरी होते. रेंचचा चौकोनी दांडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवा धरला, १० किलोचं वजन दोरीने हँडलला टांगलं. चौकोनाच्या मध्यापासून ५० सेमीवर १० किलो म्हणजे ४९ न्यूटन-मीटर. रेंचचं स्वतःचं वजनही धरायचं: १.२ किलो, तोल २० सेमीवर, म्हणजे आणखी २.३५. रेंच ५१ वर लावला. ५० सेमीवर क्लिक व्हायला हवा होता, झाला नाही. दोरी सरकवत गेलो, ५६ सेमीवर झाला. म्हणजे प्रत्यक्षात ५७ पेक्षा जास्त, १२ टक्क्यांची चूक. आयएसओ ६७८९ प्रमाणे अशा रेंचला ४ टक्के चालतात.

या हेडच्या नटांना ४० फूट-पौंड लागतात, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर. त्या रेंचने मी ६० लावले असते. साठ वर्षांच्या स्टडवर ते मला नको होतं. रेंच परत केला, कारण सांगून. २० ते १०० न्यूटन-मीटरचा नवा, ३/८ ड्राइव्हचा घेतला. या सगळ्या कामातली सर्वात महाग खरेदी. तोही टांगून पाहिला, एक सेमीच्या आत क्लिक. काम झालं की स्क्रू फिरवून सर्वात खालच्या आकड्यावर ठेवतो.

१४ जानेवारी

हेड बसलं. मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, २०, ३५, ५४. रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) खांबांचे छोटे ५/१६ चे नट ३४ वर. त्यांना चुकून ५४ लावू नका, मापावरून ओळखा.

मग व्हॉल्व्हचं अंतर, ०.०१२ इंच. इथे तीन हत्यारं एकाच वेळी हातात असतात: फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्या), लॉकनटासाठी १/२ ची रिंग, आणि मधल्या खाचेसाठी स्क्रूड्रायव्हर. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून ड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट हवं. ड्रमच्या स्क्रूंसाठी घासलेलं तेच पातं इथे बरोबर बसलं. आठव्या नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याचं अंतर पाहायचं, सातवा उघडा असताना दुसऱ्याचं, बेरीज नेहमी नऊ. आठही व्हॉल्व्हला पन्नास मिनिटं.

२ फेब्रुवारी

इंजिन सुरू. दोनदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा पाहिले. नऊपैकी दोन किंचित फिरले, बाकी सात तिथेच क्लिक. अंतरं पुन्हा लावली.

शेवटी ९ नोव्हेंबरचा नट. कोपरे नव्हतेच, म्हणून नट फोडायच्या हत्याराने एका बाजूने चिरला, स्टडच्या आट्यांना धक्का न लावता. आटे ब्रशने साफ केले, गेज लावून पाहिलं, इंचाला २४. नवा ५/१६ यूएनएफ नट घेतला. हाताने, दोन बोटांनी, ब्रॅकेटला टेकेपर्यंत गेला. त्यानंतर १/२ च्या रिंगने पाव वळसा.